कोरडा भुसा

मधुमेही उंदरांच्या पिंजऱ्यात हात घातला की आधी हाताला लागतो तो ओला भुसा. स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन दिलं की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मरतात, इन्सुलिन आटतं आणि काही दिवसांतच उंदीर बाटलीला चिकटून बसतो. निरोगी उंदराला दिवसाला तीस-चाळीस मिलिलिटर पाणी पुरतं, हे दीडशे-दोनशे सहज संपवतात. आणि जे पितात ते बाहेरही टाकतात. संध्याकाळी भुसा बदलला तरी सकाळी चिखल. वासाचं तर विचारूच नका.

म्हणूनच त्या सकाळी व्हॅनेडेट, म्हणजे व्हॅनेडियम धातूचं संयुग, मिळणाऱ्या गटाचा पिंजरा पुढे ओढला, मूठभर भुसा उचलला आणि तो भुरभुर सांडला, तेव्हा मी अॅनिमल हाऊसमध्ये एकटीच ओरडले.

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं, आणि व्हॅनेडियमच्या मी प्रेमात होते. या धातूचं कौतुक वाटावं असंच आहे. इन्सुलिन पेशीवरच्या आपल्या ग्राहीला येऊन चिकटलं की त्या ग्राहीवर फॉस्फेटच्या खुणा उमटतात, आणि त्या आहेत तोवर साखर आत घेण्याचा निरोप पुढे जात राहतो. काम झालं की खुणा पुसायला फॉस्फटेज नावाची एन्झाइम्स हजर असतातच. व्हॅनेडेट दिसायला थेट फॉस्फेटसारखं. ते या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतं. पुसणाराच अडकून पडला की खूण टिकते, म्हणजे थोड्या इन्सुलिनमध्ये जास्त काम. तेही तोंडावाटे, सुई न टोचता! फ्रान्समध्ये 1899 साली लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना सोडियम व्हॅनेडेट देऊन पाहिलं होतं. त्यांतले तिघे मधुमेही होते आणि दोघांची साखर जराशी उतरली होती. इन्सुलिनचा शोध 1921 चा, म्हणजे त्याच्याही वीस-बावीस वर्षं आधी. मग विषय जवळपास विस्मरणातच गेला. 1985 मध्ये कॅनडातल्या मॅकनील यांच्या गटाने मधुमेही उंदरांना पिण्याच्या पाण्यातून व्हॅनेडेट दिलं, साखर खाली आली आणि हृदयाचं कामही सुधारलं. तो निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि सगळे पुन्हा जागे झाले.

मी तेच करत होते. पाण्यात सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट आणि जोडीला मीठ, कारण मिठासोबत ते कमी बाधतं. तुलनेच्या गटाला नुसतं मिठाचं पाणी.

भुशाच्या आनंदात ग्लुकोमीटर काढला. शेपटीच्या टोकाचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि पाच सेकंद श्वास रोखायचा. सहाशेच्या वर गेलं की आमचा मीटर आकडा देत नाही, नुसतं ‘हाय’ दाखवतो, आणि इतके दिवस मीही त्याच्यासोबत हाय हाय करत होते. त्या दिवशी पहिला उंदीर 164. दुसरा 188. सहापैकी चार दोनशेच्या आत! उरलेले दोघे चारशेच्या वरच होते, पण औषधाला दाद न देणारे उंदीर इतरांनाही भेटले होतेच, म्हणून मी त्यांच्याकडे कानाडोळा केला. हातमोजे काढून आधी बाबांना फोन लावला. ते बारा वर्षं इन्सुलिन घेतात. “बाबा, उतरली!” एवढंच मी म्हणाले. त्यांनी लगेच विचारलं, “मग गोळी कधी?”

सरांनी आकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “छान. पितायत किती?”

“कमी झालंय सर, भुसा कोरडा आहे.”

“कधीपासून?”

रजिस्टर माझंच होतं. रोज सकाळी बाटल्यांचं वजन मीच करत होते, आकडे माझ्याच अक्षरात होते. लिहिले होते, वाचले नव्हते. साखर उतरायला लागली पाचव्या दिवसापासून. पाणी मात्र पहिल्याच दिवशी पावणेदोनशेवरून साठावर आलं होतं. साखर उतरल्यामुळे तहान गेली असती तर क्रम उलटा दिसला असता. ते पाणी त्यांना आवडलंच नव्हतं. पुढच्या रकान्यात खाद्य: दुसऱ्या दिवसापासून निम्मं. त्यापुढे वजन: घसरतंय. चौथ्या दिवसाच्या शेऱ्यात मीच लिहून ठेवलं होतं, ‘दोघांना पातळ जुलाब’.

पोट बिघडलेला, अर्धपोटी उंदीर. त्याची साखर उतरली यात व्हॅनेडियमचं कर्तृत्व किती आणि उपासाचं किती?

लाज याची वाटली की हा वाद नवा नव्हता. नव्वदच्या दशकात यावर निबंधांमागून निबंध निघाले होते. कुणी म्हणत होतं हा सगळा कमी खाण्याचा खेळ, कुणी म्हणत होतं तेवढ्याने भागत नाही. त्यांतले दोन माझ्या फाइलमध्ये होते, खाली रेघा मारलेले. माणसांवर व्हॅनेडिल सल्फेट या व्हॅनेडियमच्याच दुसऱ्या संयुगाच्या छोट्या चाचण्या झाल्या त्याही त्याच काळात. रोज शंभर मिलिग्रॅम, काही आठवडे, मोजके रुग्ण. साखर थोडी सुधारली, आणि सुरुवातीला मळमळ, पोटात कळा, जुलाब. तेही मी वाचलं होतं. वाचलेलं आपल्या पिंजऱ्यालाही लागू असतं हे डोक्यात शिरलं नव्हतं, इतकंच.

रात्री बाबांना पुन्हा फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, “न जेवता आमचीही उतरते गं. त्याला धातू कशाला?”

मग महिनाभर पेअर-फेडिंग. म्हणजे व्हॅनेडेटचा उंदीर काल जितकं खाईल तितकंच आज दुसऱ्या मधुमेही उंदराला, जो साधं खारं पाणी पितोय. तराजूवर गोळ्या मोजायच्या: अकरा ग्रॅम, साडेबारा ग्रॅम, शेवटची गोळी चिमट्याने तोडून. हे काम कुणाला सांगू नये. मधुमेही उंदराची भूक भयंकर असते, मी दार उघडलं की ते जाळीवर उभे राहायचे आणि माझं बोट हुंगायचे. त्यांचा भुसा ओलाच. रोज बदलत होते.

शेवटच्या दिवशी सर स्वतः खाली आले. व्हॅनेडेटचे पाच मोजले, नवे होते तरी आकडे साधारण तसेच. मग उपाशी जोडीदार. पहिला 371. दुसरा 340. आधीपेक्षा उतरलेले, पण त्यांच्या जोडीदारांच्या आसपासही नाहीत. तिसरा 395. सर काही बोलले नाहीत, फक्त रजिस्टर स्वतःकडे ओढून खाद्याचा रकाना बोटाने खालपर्यंत तपासत गेले. चौथा 358.

पाचव्याचा थेंब पट्टीवर घेतला. मीटर म्हणाला, हाय.

“याची पट्टी बदलून परत घे,” सर म्हणाले, “आणि पुढच्या खेपेला पाण्यातून नको, नळीने थेट पोटात देऊ. मग चवीची सबब उरणार नाही.”

परत घेतला. हायच.