पाच बाय सात इंच : चौदाव्या चित्रापर्यंत

मंडळी, चोवीसपैकी चौदा चित्रं झाली. मार्चमध्ये लिहिलं तेव्हा नऊवर होते. नंतरच्या पाचांपैकी तीन मनासारखी उतरली, एक बरं झालंय, आणि एक तीनदा फाडून चौथ्या खेपेला जमलं. आज त्या चौथ्या खेपेबद्दलच जास्त लिहिते. तुमच्यातले जे घाट, बंधारे, देवळांच्या ओवऱ्या रंगवतात त्यांना ते कामाला येईल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावात राहते. अमेरिकेच्या यादवी युद्धातली (१८६१ ते १८६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं) अँटिएटम, गेटिसबर्ग, हार्पर्स फेरी ही ठिकाणं इथून गाडीनं तासाभराच्या आत आहेत. त्या युद्धाच्या खुणांवर चोवीस चित्रांची मालिका करतेय आणि तिचा नियम मी स्वतःच घालून घेतलाय: कागद पाच बाय सात इंच, माध्यम गवाश (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग), रंग सहाच, आणि रंगवायच्या आधी त्या जागी किमान एक तास नुसतं बसायचं. चित्रात सैनिक नाहीत, तोफांचा धूर नाही. आज तिथं जे दिसतं तेवढंच. आईला फोनवर चित्रं दाखवली तर ती म्हणाली, "अगं, लढाईची म्हणतेस आणि माणसं कुठायत?" तिला सांगितलं, तिथला दगड तोच आहे, आणि मला तो नीट बघायचाय.

तर दगडच. चौदावं चित्र अँटिएटम नाल्यावरच्या बर्नसाइड पुलाचं आहे. तीन कमानींचा चुनखडीचा पूल, १८३६ सालचा. रुंदी जेमतेम बारा फूट, म्हणजे दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागेल. १७ सप्टेंबर १८६२ ला पलीकडच्या टेकाडावर दक्षिणेचे सुमारे पाचशे बंदूकवाले बसले होते, बहुतेक जॉर्जियाचे. उत्तरेच्या हजारोंच्या फौजेला त्यांनी या बारा फुटांवर तीनेक तास रोखून धरलं. दिवस मावळेपर्यंत दोन्ही बाजू मिळून मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरले तर आकडा तेवीस हजारांच्या आसपास गेला. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच लढाईत पडली नाहीत. पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, लिंकननं गुलामांच्या मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला.

पुलाजवळ सिकॅमोरचं एक झाड आहे. लढाईनंतर काही दिवसांतच अलेक्झांडर गार्डनरनं इथं येऊन फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत हेच झाड कोवळं, मनगटाएवढ्या फांद्यांचं दिसतं. आज त्याचं खोड कवेत मावत नाही. सिकॅमोरची साल पापुद्रे सुटून गळते आणि आतून पांढरट, हिरवट, करडे डाग उघडे पडतात. आपल्याकडच्या जुन्या पेरूच्या खोडाला असतात तसेच, फक्त आकारानं खूप मोठे.

आता कमानी. या पुलाचे पहिले तीन प्रयत्न मी काठाहून तिरकं बसून केले आणि तिन्हीत एकच खोट होती. कमानी पुढं झुकल्यासारख्या दिसत होत्या, पूल पाण्यात कलंडतोय असं वाटायचं. कारण कळायला पंधरा दिवस गेले. कमानीच्या दोन पायांमधलं अंतर कागदावर मोजून मी बरोब्बर मध्यावर माथा काढत होते. तिरक्या नजरेला तो मध्य मध्य नसतोच. कमानीभोवती हलक्या पेन्सिलीनं तिच्याच मापाची चौकट काढायची, उंची माथ्यापर्यंत, दोन्ही बाजू मागं जाताना लहान होत जातील तशा. चौकटीचे दोन कर्ण मारायचे. ते जिथं छेदतात तिथून उभी रेघ वर न्यायची, आणि ती वरच्या कडेला जिथं लागेल तिथं माथा. तो नेहमी लांबच्या पायाकडं थोडा सरकलेला असतो. पाच इंचांच्या कागदावर हा फरक एखाद्या मिलिमीटरचा, पण तेवढ्यानं पूल उभा राहतो. पाण्यातल्या प्रतिबिंबालाही तीच उभी रेघ खाली वाढवून वापरायची.

दुसरी चूक सावलीची. कमानीचं पोट मी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या गडद मिश्रणानं सपाट भरत होते. लांबून बघितलं की पुलाला तीन भोकं पाडल्यासारखी दिसायची. मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेदहाला तिथं गेले आणि फक्त मधल्या कमानीचं पोट बघत बसले. ऊन पाण्यावर पडून उलटं वर जात होतं. कमानीची पुढची कड सर्वांत गडद, आणि आत बोटभर गेलं की छत उजळ, पिवळसर, त्यावर पाण्याच्या लाटांच्या सोनेरी रेघा थरथरताहेत. म्हणजे मी जिथं सर्वांत काळा रंग लावत होते तिथं खरं तर उजेड होता. चौथ्या खेपेला आधी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा पांढरा मिसळून आतलं छत भरलं, तो सुकल्यावर कडेनं गडद पट्टी ओढली आणि ओलसर ब्रशनं आतली बाजू विरवली. लाटांच्या रेघा शून्य नंबरच्या ब्रशनं, फक्त चार. पाचवी काढायचा मोह झाला होता, हात आवरला.

गवाश वापरणाऱ्यांना माहीत आहेच, पण जलरंगांकडून नुकतेच इकडं वळलेल्यांसाठी सांगते: गडद रंग सुकल्यावर फिका होतो आणि फिका रंग सुकल्यावर थोडा गडद. चुनखडीच्या करड्याला याचा फार त्रास होतो, कारण त्याचा सगळा खेळ जवळजवळच्या छटांचा. मी कागदाच्या कडेला मास्किंग टेपच्या वर एक पट्टी मोकळी ठेवते. प्रत्येक मिश्रण तिथं आधी लावायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मगच चित्रात. वेळ जातो. पण ओल्या रंगावर भरवसा ठेवून मी दोन आभाळं घालवली आहेत.

अँटिएटमचं दुसरं चित्र, तेरावं, डंकर चर्चचं. पांढरी, साधी, मनोरा नसलेली इमारत. युद्धाला धर्मानंच विरोध करणाऱ्या जर्मन बाप्टिस्ट पंथाची ही प्रार्थनेची जागा आणि तिच्याच भोवती सकाळची लढाई पेटली. मूळ इमारत १९२१ च्या वादळात पडली, आताची १९६२ साली पुन्हा उभारलेली. पांढऱ्या भिंतीत मी पांढरा जवळजवळ वापरलाच नाही, सकाळच्या सावलीत ती निळसर जांभळी दिसते. हे चित्र एका बैठकीत झालं, त्यामुळं त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

गेटिसबर्गला मेपासून तीनदा गेले. तिथं गेलं की सगळे स्मारकं बघतात, आणि ती आहेतही तेराशेच्या वर. मी डेव्हिल्स डेनच्या शिळांपाशी बसले. या शिळा डायबेसच्या. तप्त रस जमिनीच्या वर येऊन थंडावला की आपल्या सह्याद्रीतला काळा बेसाल्ट होतो. तोच रस जमिनीखाली सावकाश थंडावला की डायबेस. म्हणजे नात्यानं चुलत भाऊच. मी मेणवलीच्या घाटावर, वाईला, चित्र काढायला शिकले. पावसात भिजलेला तिथला दगड कसा चमकतो ते हातात मुरलंय, म्हणून मेच्या पावसात या शिळा भिजल्या तेव्हा मिश्रण आपोआप जमलं: अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, आणि जिथं दगड गंजल्यासारखा तांबूस झालाय तिथं सिएना वाढवायचा. लायकेनचे, म्हणजे दगडफुलाचे, फिके हिरवट ठिपके सर्वांत शेवटी, जाड रंगानं.

याच दगडामुळं लिटल राउंड टॉप टेकडीवर खंदक खणणं अवघड होतं. मातीचा थर पातळ, खाली खडक. मग सैनिकांनी हाती लागतील ते धोंडे रचून गुडघ्याएवढे आडोसे केले. अशा एका रचलेल्या ओळीचं चित्र बारावं आहे. बघणाऱ्याला शेताचा बांध वाटेल. तसंच वाटावं अशी माझी इच्छा आहे, नाव वाचल्यावर त्यानं पुन्हा बघावं.

डेव्हिल्स डेनच्याच एका शिळेवर बसून रेखाटन करतानाचा आल्फ्रेड वॉड या चित्रकाराचा जुलै १८६३ चा फोटो आहे, टिमोथी ओसुलिव्हन यानं काढलेला. वॉड 'हार्पर्स वीकली'साठी रणांगणावरून रेखाटनं पाठवायचा. ऑफिसात ती लाकडी ठोकळ्यांवर उलटी उतरवून कोरली जायची. मोठं चित्र असेल तर ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे आणि नंतर जोडून छापायचे. त्याची मूळ रेखाटनं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि संगणकावर मोठी करून बघता येतात. जरूर बघा. पुष्कळशी बदामी कागदावर पेन्सिल आणि चायनीज व्हाइट, म्हणजे जस्ताचा पांढरा, एवढ्यावर केलेली. कागद मधली छटा देतो, पेन्सिल सावली, पांढरा उजेड. तीन हत्यारांत काम आटोपतं. घोडा पळता पळता काढायचा तर दुसरा वेळच नसणार.

मी तसा बदामी कागद आणून दहा मिनिटांची रेखाटनं सुरू केली आहेत. आतापर्यंत एकवीस झाली. मालिकेत ती धरलेली नाहीत, पण यांच्यामुळं रंगीत चित्रं सुधारली हे नक्की. कागद आधीच मधल्या छटेचा असला की सर्वांत उजळ जागा कुठली हे पहिल्या मिनिटाला ठरवावंच लागतं. पांढऱ्या कागदावर मी तो निर्णय शेवटपर्यंत ढकलत असे.

अकरावं चित्र हार्पर्स फेरीचं. पोटोमॅक आणि शेनंडोआ यांचा तिथं संगम आहे, आणि संगम म्हटला की आपला पाय तिकडं वळतोच. काठाजवळ एक लहानशी विटांची इमारत, तीन मोठ्या कमानदार दारांची, माथ्यावर पांढरी छत्री. ही सरकारी शस्त्रागाराची बंबखाना-चौकी होती. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन एकवीस साथीदार घेऊन शस्त्रागारावर चालून आला. हत्यारं हस्तगत करून गुलामांचा उठाव करायचा असा बेत. दोन दिवसांत तो याच बंबखान्यात कोंडला गेला, जखमी होऊन पकडला गेला आणि २ डिसेंबरला फाशी गेला. सव्वा वर्षानं युद्ध पेटलं.

पुढं त्या इमारतीनं जेवढा प्रवास केला तेवढा क्वचितच एखादी इमारत करत असेल. १८९१ मध्ये विटा सुट्या करून शिकागोला नेली, प्रदर्शनात मांडायला. १८९५ मध्ये परत आणून गावाबाहेरच्या एका शेतावर उभी केली. १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजच्या आवारात. १९६८ मध्ये पुन्हा खाली गावात, मूळ जागेच्या अगदी जवळ. ती शेतावर असताना, १९०६ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आणि त्यांच्या नायगारा चळवळीतले लोक तिच्यापर्यंत अनवाणी चालत गेले. देवळात जाताना चपला बाहेर काढणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चित्र काढायच्या आधी एक तास बसायचा माझा नियम तिथं दोन तासांवर गेला.

तिथं बसल्यावर जोतिरावांची आठवण येणारच. 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली निघालं आणि त्यांनी ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. बाबांच्या कपाटातल्या प्रतीत ते अर्पणपत्र मी शाळेत असताना वाचलं होतं, तेव्हा अमेरिका म्हणजे नकाशावरचा रंग होता. संगमावर बसून पहिल्यांदा कळलं की पुण्यातून त्यांनी केवढ्या दूरवरचं आपलं मानलं होतं. विटांसाठी बर्न्ट सिएनात किंचित अल्ट्रामरीन घातला. नुसता सिएना फार नवा दिसतो. चुन्याच्या दरजा काढल्या नाहीत, दोन ठिकाणी सुचवल्या फक्त.

आता पुढचं. डिसेंबरात अँटिएटमच्या रणभूमीवर पडलेल्या प्रत्येकासाठी एक, असे तेवीस हजार दिवे लावतात. रात्रीचं चित्र मी अजून केलेलं नाही. काळा कागद घ्यावा की गडद निळ्याचा हात मारून घ्यावा यावर तुमचं मत हवंय. माझा कल निळ्याकडं आहे. त्यानंतर वसंतात ॲपोमॅटॉक्स, जिथं ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला.

आणि चोविसावं चित्र मुंबईतलं ठरवलंय, राजाबाई टॉवरचं. युद्धामुळं अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतल्या पैशातून प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचं नाव मिळालं. लीच्या शरणागतीची बातमी मुंबईत पोचल्यावर भाव कोसळले, समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर रद्दी झाले, प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. अँटिएटमची चुनखडी, गेटिसबर्गचा डायबेस, हार्पर्स फेरीची वीट, या ओळीत शेवटी कुर्ल्याचा दगड यायला हवा.

इथंच तुमची मदत लागेल. येत्या फेरीत मला मुंबईत दोनच दिवस मिळणार आहेत. ओव्हल मैदानाच्या बाजूनं सकाळी आठच्या सुमारास कुणी फोटो काढू शकेल का? यलो ऑकरचा एक हात मारलेला कागदाचा कपटा हातात धरून, तोही चौकटीत येईल असा. कॅमेरा रंग बदलतो, पण कपट्याशी ताडून पाहिलं की दगड किती पिवळा आणि किती करडा ते मला इथं बसून काढता येईल.