तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, मग औषध आत्ताच का नाही?

बरीच वर्षं लेबर रूममध्ये परिचारिका होते, आता बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग घेते. नववा महिना लागलेल्या बायका वर्ग सुटल्यावर मागे थांबतात आणि आवाज खाली आणून हे विचारतात. स्वॅबच्या रिपोर्टवर ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात जीबीएस) पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं आणि डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या नसतात. ‘जंतू आहेत म्हणतात आणि औषध कळा सुरू झाल्यावर देणार म्हणतात. आत्ताच कोर्स करून मोकळं का नाही व्हायचं?’

आधी त्या खाली गेलेल्या आवाजाबद्दल. हा लैंगिक संबंधातून येणारा आजार नाही आणि स्वच्छतेत तुम्ही कुठे कमी पडलात असंही नाही. हे जंतू आतड्यात राहतात, तिथून योनीपर्यंत पोचतात, कधी असतात, कधी नसतात. दर शंभर गर्भवतींपैकी १० ते ३० जणींच्या अंगात ते सापडतात, आणि बहुतेकींना त्यांचा काहीही त्रास नसतो. (गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजारालाही जीबीएसच म्हणतात. त्याचा याच्याशी संबंध नाही, इंटरनेटवर शोधताना घाबरू नका.)

आता गोळ्यांचं. गोळ्यांनी जंतू काही दिवस कमी होतील, पण त्यांचा मुक्काम आतड्यात असल्यामुळे कळा येईपर्यंत ते परत आलेले असतात. बाळाला धोका असतो तो मुख्यतः पाणमोट फुटल्यावर आणि जन्ममार्गातून येताना. औषध त्याच तासांत आईच्या रक्तात हवं, म्हणजे ते वारेतून बाळापर्यंत आणि गर्भजलातही पोचतं. म्हणून ते कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर शिरेतून देतात. नेहमीचं औषध पेनिसिलिन: पहिला डोस ५० लाख युनिट, मग बाळ जन्मेपर्यंत दर ४ तासांनी २५ ते ३० लाख. पहिला डोस जन्माच्या निदान ४ तास आधी मिळावा, असा प्रयत्न असतो.

या औषधाने किती फरक पडतो? औषध न मिळालेल्या पॉझिटिव्ह आईच्या साधारण २०० बाळांमागे एक बाळ पहिल्या आठवड्यात आजारी पडतं. रक्तात संसर्ग, न्यूमोनिया, क्वचित मेंदूज्वर. औषध मिळालं की हे प्रमाण ४,००० मागे एकावर येतं. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे जवळपास १.८ बाळांना हा आजार व्हायचा. २०१५पर्यंत ते प्रमाण ०.२३वर आलं. ब्रिटनमध्ये सरसकट तपासणी करत नाहीत, धोक्याची कारणं पाहून औषध देतात. माझं मत विचाराल तर स्वॅब करून घ्यावा. आजारी पडणाऱ्या कितीतरी बाळांच्या आयांना वरवर पाहता काहीच धोका नसतो.

स्वॅबला लोक उगाच घाबरतात. कापसाची बारीक काडी आधी योनीच्या तोंडाशी फिरवायची, मग तीच गुदद्वारात किंचित आत. आत उपकरण घालावं लागत नाही, दुखत नाही, क्षणभराचं काम. सांगितल्याप्रमाणे केलं तर स्वतःचा स्वॅब स्वतः घेता येतो. मागची जागा मात्र लाजून सोडू नका, नाहीतर असलेले जंतू निसटतात. तपासणी ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, ३८वा संपायच्या आत करतात, कारण रिपोर्ट ५ आठवडेच धरता येतो. गरोदरपणात लघवीच्या तपासणीत हेच जंतू कधीही सापडले असतील, किंवा आधीचं बाळ यानेच आजारी पडलं असेल, तर स्वॅबची वाट न पाहता कळांमध्ये औषध ठरलेलंच. लघवीचा तो जुना रिपोर्ट फाइलमध्ये मागे पडतो. तो शोधा आणि सगळ्यात वर ठेवा.

सगळं नियोजन त्या ४ तासांचं आहे. पाणी गेलं पण कळा नाहीत, तर ‘बघू, सकाळी जाऊ’ असं म्हणायची मुभा तुम्हाला नाही. लगेच फोन करा आणि निघा. दिवस भरलेले असतील तर औषध सुरू करून कळा आणण्याचा सल्ला बहुधा मिळेल. आधीचं बाळंतपण भराभर झालं असेल तर त्याहूनही लवकर निघा. आणि दारात पाऊल टाकताच सांगा, ‘मी जीबीएस पॉझिटिव्ह आहे.’ सोबत येणाऱ्या माणसालाही हे वाक्य पाठ असू द्या, कारण जोराच्या कळेत तुम्हाला बोलता येणार नाही.

आणि ४ तास नाही मिळाले तर? बाळ थांबवून धरायचं नसतं, कुणी धरूही नये. कमी वेळ मिळालेलं औषधही अगदी वाया जात नाही. बाळावर नंतर जास्त बारीक लक्ष ठेवतात, इतकंच.

सुईमुळे पलंगाला खिळून राहावं लागेल अशीही भीती असते. औषध चढतं साधारण अर्धा तास, कधी हातात आग झाल्यासारखं वाटतं. तसं झालं तर सांगा, थेंबांचा वेग कमी करता येतो. मग नळी काढून सुईला टोपण लावतात आणि पुढच्या डोसपर्यंत तुम्ही चाला, वाका, शॉवर घ्या.

ॲलर्जीचं मात्र आधीच नीट सांगा. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ एवढं पुरत नाही. काय झालं होतं? अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, की नुसतं पोट बिघडलं? सौम्य त्रास असेल तर सेफाझोलिन देता येतं. त्रास गंभीर असेल तर क्लिंडामायसिन, पण ते तुमच्या जंतूंवर चालतं का हे प्रयोगशाळेने तपासावं लागतं. न चालल्यास व्हॅन्कोमायसिन. म्हणून ॲलर्जीची नोंद स्वॅबच्या फॉर्मवरच हवी. लेबर रूममध्ये ती आठवली तर फार उशीर झालेला असतो. ॲलर्जीची तपासणी गरोदरपणातही करता येते, डॉक्टरांना विचारा.

ठरवून सिझेरियन असेल, कळा नसतील आणि पाणमोट शाबूत असेल, तर जीबीएससाठी वेगळं औषध लागत नाही. तरी स्वॅब करून ठेवा, कळा तारीख पाहून येत नाहीत. योनीत लसणाची पाकळी ठेवण्याचा सल्ला फिरतो, तो ऐकू नका. क्लोरहेक्सिडिनने योनी धुण्याचे प्रयोग झाले, त्याने बाळांचं आजारपण कमी झालं नाही.

अंगावर पाजायला काहीच हरकत नाही. पण एक गोष्ट घरच्यांनाही माहीत असावी: कळांमधलं औषध पहिल्या आठवड्याच्या आजारापासून वाचवतं. आठवड्यानंतर तीन महिन्यांपर्यंत होणारा याच जंतूंचा आजार त्याने टळत नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठेना, अंग ढिलं पडलं, कण्हत किंवा भराभर श्वास घेऊ लागलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर रात्र असो की दिवस, त्याच क्षणी दवाखान्यात न्या, आणि आई जीबीएस पॉझिटिव्ह होती हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.