किती झालं?

भरतकाम घेऊन बसलेल्या बाईला लोक ‘छान होतंय’ म्हणतात, पण ते ‘किती झालं?’ विचारून झाल्यावर. प्रश्न मायेचाच असतो. क्रॉस स्टिचबद्दल विचारलं तर उत्तर तयार असतं. गोधडीबद्दल विचारलं की माझी पंचाईत होते. या महिन्यात दोन्ही कामं आलटून पालटून हातात होती, त्यामुळे हा फरक जरा जास्तच जाणवला.

क्रॉस स्टिच, म्हणजे फुल्या-फुल्यांनी चित्र भरणं, हा मुळात मोजणीचा कारभार. नेहमीचं 14 काउंटचं आयडा, म्हणजे बारीक घरं विणलेलं कापड घेतलं तर इंचाला 14 घरं, म्हणजे चौरस इंचात 196 फुल्या. दहा बाय दहा इंचाचं चित्र काठोकाठ भरायचं तर 19,600. रंगसुद्धा नंबरानेच ओळखायचे. डीएमसी या धाग्यांच्या कंपनीची 310 म्हणजे काळा, हे कुठल्याही देशातल्या भरतकामवालीला सांगावं लागत नाही. लडी आठ मीटरची, तिला सहा पदर, आणि 14 काउंटवर बहुतेक वेळा त्यातले दोनच सुईत घ्यायचे. सगळंच असं आकड्यांत बांधलेलं असल्यावर ‘किती झालं’ला उत्तर द्यायला काय जातं? हल्ली तर मोबाइलवरच्या नमुन्यात भरलेल्या घरांवर खुणा करत गेलं की टक्केवारीही आपोआप मिळते.

त्या टक्केवारीवर माझा फारसा विश्वास नाही. सध्या माझ्या चित्रातलं रात्रीचं आकाश भरणं चाललंय. एकच गडद निळा, ओळीच्या ओळी. जाताना अर्ध्या फुल्या घालायच्या, येताना त्या पुऱ्या करायच्या. नमुन्याकडे फारसं बघावंही लागत नाही आणि आकडा भराभर चढतो. पण आकाशाखाली एक चेहरा आहे, आणि चेहऱ्यात जवळजवळ घरागणिक रंग वेगळा. इथे एक फिका गुलाबी, शेजारी करडा, मग तीन घरं सोडून पुन्हा तोच गुलाबी. असल्या विखुरलेल्या टाक्यांना कॉन्फेटी म्हणतात, समारंभात उधळतात त्या रंगीत कागदाच्या कपट्यांवरून. नाव सणासुदीचं आणि काम जीव काढणारं: दर दोन-चार टाक्यांनी धागा मागे अडकवा, कापा, दुसरा ओवा. आकाशाचा एक टक्का बोलता बोलता होतो, गालाचा एक टक्का आख्खी संध्याकाळ खातो. मोबाइलच्या लेखी दोन्ही सारखेच.

टक्क्यांत न धरल्या जाणाऱ्या काही गोष्टी मात्र मला मनापासून आवडतात. बिनगाठीची सुरुवात ही त्यातली पहिली. दोन पदर घ्यायचे असतात ना, तर दोन वेगळे न घेता एकच लांब पदर मधोमध दुमडायचा आणि त्याची दोन्ही टोकं सुईत ओवायची. दुसऱ्या बाजूला फासा उरतो. सुई मागून पुढे काढायची, पण फासा मागे थोडा लोंबत ठेवायचा. अर्धी फुली घालून सुई मागे गेली की तिला त्या फाशातून काढून हलकेच ओढायचं. धागा जागच्या जागी बसतो, गाठीचा फुगवटा नाही की शेपूट नाही. दुसरी गोष्ट, फुलीची वरची तिरकी रेघ सगळ्या चित्रात एकाच बाजूला झुकलेली हवी. नाहीतर रंग तोच असूनही उजेड वेगवेगळा पडतो आणि आकाशाला डाग पडल्यासारखे दिसतात. हे शिकवावं लागतं. एकदा शिकलं की मात्र दुसऱ्याच्या कामात आधी तेच दिसतं, हा तोटा.

आता गोधडी. तिच्यात आठवडेच्या आठवडे जातात आणि दाखवायला काही नसतं. कापड धुवा, इस्त्री करा, कापा, कापलेल्याचे गठ्ठे लावा. शिवण पाव इंचाची, म्हणजे दोन सूत. ती नेमकी दोन सूतच का, याचं गणित एकदा केलं की माणूस सरळ होतो. अडीच इंची नऊ चौकोन जोडून एक ठोकळा केला, तर तो गोधडीत बसल्यावर सहा इंचांचा उरायला हवा. समजा शिवण दोन्हीकडे अर्ध्याच सुताने जाड गेली. दर शिवणीमागे एक सूत गेलं. असे आठ ठोकळे एका रांगेत जोडले की शिवणी होतात 23, आणि रांग भरते जवळजवळ तीन इंच कमी. शेजारची रांग जर बरोबर निघाली असेल, तर त्या दोघींचं आयुष्यात पटत नाही.

इस्त्रीचंही तसंच. इथे ती फिरवायची नाही, उचलून दाबायची. चौकोनाचे त्रिकोण केले की उरेब, म्हणजे तिरकी कापलेली कड येते आणि उरेब कापड नुसत्या इस्त्रीच्या ओढीनेही ताणलं जातं. म्हणून जाणकार बायका त्रिकोण कापून जोडत बसतच नाहीत. दोन चौकोन एकावर एक ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर टीप मारतात आणि मग मधून कापतात. उलगडलं की दोन तयार चौकोन, दोन-दोन त्रिकोणांचे. ही युक्ती ज्या कुणाला सुचली तिला माझा नमस्कार.

आणि या सगळ्याच्या मध्ये ठरवाठरवी. खरं तर हाच दोन कामांमधला मोठा फरक आहे. क्रॉस स्टिचमध्ये डोकं लढवण्याचं काम नमुना करणाऱ्याने आधीच उरकलेलं असतं. आपण फक्त हजर राहायचं. गोधडी शेवटपर्यंत विचारत राहते. हा ठोकळा इथे की तिथे? दोन निळे शेजारी आले तर? मी सगळे ठोकळे जमिनीवर मांडते आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते. रंग काढून घेतला की गडद कुठे साचलंय आणि फिकं कुठे उघडं पडलंय ते लगेच कळतं. मग उठायचं, चार ठोकळे हलवायचे, पुन्हा फोटो. या महिन्यातल्या किती दुपारी अशा गेल्या. टाका एकही नाही! ‘किती झालं?’ला यावर काय सांगायचं? दमून आलेल्या दिवशी म्हणूनच मी गोधडीला हात लावत नाही. त्या दिवशी आकाश बरं.

या संदर्भात मला राजा नावाच्या जहाजावरची गोधडी आठवते. 1841 साली हे जहाज शिक्षा झालेल्या बायकांना घेऊन इंग्लंडहून आजच्या ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला गेलं. साडेतीन महिन्यांचा प्रवास. तुरुंगातल्या बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने बायकांना कापडाचे तुकडे, सुया, दोरे दिले होते. त्यांनी वाटेत 2,815 तुकड्यांची चादर केली, दोन्ही बाजूंनी तीन मीटरहून मोठी. आज ती ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत आहे. मदत करणाऱ्या बायकांचे आभार मानणारा मजकूर तिच्यावर भरलाय तो क्रॉस स्टिचने, अगदी बारीक. माझी दोन्ही कामं तिथे एकाच कापडावर नांदताहेत. हलत्या जहाजावर, मिळेल त्या उजेडात, सूत-सूत सांभाळत हे कसं केलं असेल हे मला शिवायला लागल्यापासून जास्तच कोड्यात टाकतं. ज्यांनी सुई धरलेली नाही त्यांना बहुधा फक्त तुकड्यांचा आकडा मोठा वाटेल.

माझ्या गोधडीचा वरचा थर परवा एकदाचा जोडून झाला. पलंगावर पसरला तर बघणारे म्हणाले, ‘झाली की!’ झालेली नाही. वरचा थर तयार होऊन तिथेच अडकलेल्या गोधड्यांनी जगभरची कपाटं भरलीत. शिवणाऱ्या बायका त्यांना यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट, आणि त्या खरोखरच उडत्या तबकड्यांसारख्या वर्षानुवर्षं घिरट्या घालतात. अजून खालचं कापड ताणून जमिनीला चिकटवायचंय, त्यावर वॅडिंग, म्हणजे मधला मऊ थर, आणि त्यावर हा वरचा. मग मधून सुरुवात करून कडेकडे जात, वितीपेक्षा कमी अंतरावर सेफ्टी पिना. त्यानंतर तिन्ही थरांतून धावदोरा, तोही मधूनच बाहेर, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. आणि शेवटी गोट, ज्याचे चार कोपरे माझा एक अख्खा रविवार घेणार हे मला आत्ताच ठाऊक आहे.

तूर्त अडलंय ते मोकळ्या जमिनीवाचून. सोफा आणि टेबल हलवायला कुणीतरी हवं, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या खोलीत कुणीही नको. घरातल्यांना तसं सांगून ठेवलंय. सगळे हो म्हणालेत, दिवस मात्र कुणीच सांगितलेला नाही.