बाईंच्या जोड्या

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायला बसलो आणि बाईंपाशीच अडलो. बाई म्हणजे इंग्रजीच्या बाई, आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

एल्डर की ओल्डर, लेस की फ्यूअर, लेटर की लॅटर? तुलनेच्या या जोड्यांनी सगळ्या वर्गाला घाम फोडला होता. गाइडातली एका ओळीची उत्तरं बाई पाठ करू देत नसत. फळ्यावर एकच वाक्य लिहीत, ‘माय एल्डर सिस्टर इज ओल्डर दॅन यू’, आणि विचारत, ‘‘दोन्ही शब्द कशाला लागले?’’ एल्डर घरच्या नात्यांत नामाआधी बसतो, त्याच्यापुढे दॅन येत नाही, वय ताडून पाहायचं तर ओल्डरच हवा, हे आम्हीच शोधायचं. वेळ लागायचा, पण बाईंना घाई नसे.

एकदा भित्तिपत्रकाचा नवा अंक लागला. संपादकाने वर खडूने ठळक लिहिलं होतं, ‘रीड अवर लास्ट इश्यू’. मधल्या सुट्टीत बाई तिथे थांबल्या. ‘‘काय रे, भित्तिपत्रक बंद करताय?’’ तो गांगरला. बाईंनी शब्द पुसला नाही; खडू त्याच्या हातात दिला आणि उभ्या राहिल्या. घंटा झाली तरी हलल्या नाहीत. अखेर त्याने लास्ट पुसून लेटेस्ट लिहिलं, तेव्हा म्हणाल्या, ‘‘लास्ट इश्यू म्हणजे मागचा, नाहीतर अखेरचा. ताजा निघालेला तो लेटेस्ट.’’ त्या दिवशी भोवती जमलेल्यांपैकी कोणी ही जोडी विसरला असेल असं मला वाटत नाही.

आज मी इंग्रजी पुस्तकांचं संपादन करतो, ते त्या शिकवणीच्या जोरावर. परवाच एका नव्या सहकाऱ्याने ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’मधलं लेस काढून फ्यूअर घातलं. मोजता येतं ना, मग फ्यूअर, एवढाच त्याचा हिशेब. बाईंनी शिकवलं होतं की पुस्तकं एकेक मोजायची म्हणून फ्यूअर बुक्स. दहा किलोमीटर हे मात्र एकच अंतर, तिथे लेसच. पुढे वाचनात आलं की हा भेद १७७० साली इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी निव्वळ आपली पसंती म्हणून मांडला होता, त्याचा कडक नियम नंतर झाला. बाईही नियमापेक्षा वाक्याचा अर्थ आधी बघायच्या. फार्दर अंतरासाठी, फर्दर ‘अधिक’ या अर्थाने, असं शिकवतानाच त्या सांगत की ब्रिटिश लोक अंतरालाही सर्रास फर्दरच वापरतात.

आता संगणक शब्दाखाली रेघ मारतो, मुलं कळ दाबून मोकळी होतात. का, हे विचारायला कोणी थांबत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाईंची ती वाक्यं माझ्या नववीच्या वहीत आहेत. शाळेने ती वर्गात लावायचं ठरवलं, तर सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवीन.