टसर पतंग पाहायचा तर आधी सादडा शोधा : त्र्यंबक-हरसूल रस्त्याची फेरी

मोठे पतंग पाहायचे म्हटलं की पांढरी चादर आणि दिवा आठवतो. टसर रेशीम ज्याच्या कोषापासून मिळतं त्या टसर पतंगासाठी दोन्ही घरीच ठेवा, त्याची अळी ज्यावर वाढते ते झाड ओळखायला शिका. नाशिकहून त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटर, पुढे हरसूलकडे ते झाड, ऐन, भेटत जातं. इकडे त्याला सादडा म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी साल आणि पानामागे देठाजवळ गाठी, ही खूण.

फेऱ्या दोन कराव्या लागतात. पहिली मार्च-एप्रिलमध्ये, दिवसा, झाडं उघडी असताना. कोष राखट-पिवळा, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, टणक देठाने लोंबतो. देठाच्या टोकाचं कडं फांदीला इतकं घट्ट आवळलेलं असतं की रिकामा कोषही पुढच्या हंगामापर्यंत टिकतो, आणि फसगत होते ती इथेच. देठाकडच्या टोकाला भोक असेल तर पतंग निघून गेलाय. कडेला भोक असेल तर आतलं कुणीतरी खाल्लंय. अखंड कोषांची झाडं टिपून ठेवा. कोष तोडू नका.

दुसरी फेरी जूनमध्ये, चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर. दिवस मावळताना कोषाचं टोक ओलसर दिसलं की तिथेच थांबा. पतंग तोंडातून रस सोडून रेशीम मऊ करतो आणि बाहेर येतो. तेव्हा पंख चुरगळलेले असतात, लटकून ते पसरायला वेळ लागतो. या वेळात फांदी हलून तो खाली पडला तर पंख तसेच वाकडे वाळतात. फोटोसाठी फांदी ओढणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

पसरलेले पंख साधारण १५ सेंटिमीटर. चारही पंखांवर एकेक पारदर्शक डोळा, मागून टॉर्च धरला तर उजेड आरपार येतो. हे दृश्य फार सुंदर आहे. मादी बहुधा पिवळसर, पोटाने जाड. नर तांबूस, त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद. मादीचा गंध तो त्यांनीच हुंगतो. पतंगाला खाता येत नाही, अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो. दिव्याभोवती वाया गेलेली रात्र त्याला भरून काढता येत नाही, म्हणून दिवा नको. टॉर्चला लाल जिलेटीन लावा.

राखीव जंगलात रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागते. मालकीच्या बांधावर मालकाला विचारा, पोलीसपाटलांना कळवा. फुरसं असतं, गमबूट घाला. धुकं उतरलं तर गाडी काढू नका, उजाडेपर्यंत थांबा. सकाळी त्याच झाडाकडे पाहा, रात्री जुळलेली नर-मादीची जोडी सहसा अजून सुटलेली नसते.