समाजसुधारक शिकवताना: दापोलीतली संध्याकाळची बॅच

विष्णुशास्त्री पंडित, विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना रडवणारे हे तिघे विष्णू. पेपर काढणारा हमखास तिघांना एकाच प्रश्नाच्या पर्यायांत बसवतो. विधवाविवाहासाठी झटले ते पंडित, ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ ब्रह्मचारीबुवांचा आणि १८७४ साली सुरू झालेली ‘निबंधमाला’ चिपळूणकरांची. तिच्यातून त्यांनी जोतीराव फुल्यांवर कशी झोड उठवली हे सांगितलं, की मुलं त्यांना सुधारकांच्या यादीत टाकायचं बंद करतात.

दापोलीतल्या एका छोट्या क्लासमध्ये मी हा विषय शिकवते. पोलीस भरती, तलाठी, संयुक्त गट ब आणि क, राज्यसेवा, सगळे एकाच खोलीत. निम्मे मंडणगड, खेडच्या वाड्यांमधून येतात, त्यामुळे शेवटच्या एसटीवर एक डोळा. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात पुण्याहून आलेल्या नोट्सच्या झेरॉक्स असायच्या. जन्मगाव, संस्था, वृत्तपत्र, टोपणनाव. पाठ करा आणि पेपरात ओका.

मी भिंतीवर कोकणाचा नकाशा लावला आणि खडूऐवजी टाचण्या घेतल्या. पोंभुर्ले: बाळशास्त्री जांभेकर, १८३२ चं ‘दर्पण’. मालवण: रामकृष्ण गोपाळ भांडारकर. गुहागरातलं कोतळूक: गोपाळ कृष्ण गोखले, १९०५ चा भारत सेवक समाज. महाडजवळचं रावढळ: गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून निवृत्त झाल्यावर हे वलंगकर दापोलीतच राहिले, अनार्य दोष परिहार मंडळ इथूनच चालवलं, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. ज्या गावात आपण रोज वडापाव खातो, तिथलं हे नाव निम्म्या वर्गाने ऐकलेलंही नव्हतं.

दापोलीजवळच्या मुरूडची टाचणी लावली तेव्हा धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगितली. सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा द्यायला हा मुलगा मुरूडहून निघाला, डोंगर ओलांडत चार दिवस चालत साताऱ्याला पोचला. तिथे साहेबाने बघितलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा वाटत नाहीस, परीक्षेला बसता येणार नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, म्हणजे ह्यांचंपण डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनलाच अडकलं!” वर्ग हसला, पण पुढचं सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि गावाने वाळीत टाकलं. मुरूडचीच एक मुलगी हळूच म्हणाली, “आमच्याच गावाने?” हो, तुमच्याच. १८९६ चा अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ चं महिला विद्यापीठ तिला आता कुणी विचारू दे.

सगळ्यात जास्त वेळ मी महाडला देते. नोट्समध्ये एवढंच असतं: २० मार्च १९२७, चवदार तळे. पण लोकसेवा आयोग घटनाक्रम विचारतो, आणि क्रम कारणं कळल्याशिवाय डोक्यात राहत नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, पण कागदावर. प्रत्यक्षात कुणी पाणी भरू देईना. म्हणून सत्याग्रह. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं आणि पालिकेने ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा आले तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम होता. तळ्यावर जाणं थांबलं, पण २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. खटला चालत राहिला आणि हायकोर्टाचा निकाल लागला थेट १९३७ साली. एवढं फळ्यावर बाणांनी जोडलं, की ‘योग्य क्रम लावा’ला कुणी अंदाजपंचे उत्तर देत नाही. निगेटिव्ह मार्किंगमुळे अंदाज परवडतही नाही म्हणा.

वाद पेटतो तो खोतीवर, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनावर. १९३३ पासून अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं संप केला, १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ चा. वर्गात खोतांच्या घरातलाही मुलगा असतो आणि कुळाच्या घरातलाही. पहिला म्हणतो, आजोबा कुणाला त्रास देणारे नव्हते. दुसरा त्याच्याकडे नुसता बघतो. मी त्यांना थांबवत नाही. फक्त दोघांनाही विचारते, पिकातला कुणाचा वाटा किती होता ते आधी घरी जाऊन विचारा.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तेव्हापासून शनिवारी मी झेरॉक्स बंद करायला लावते आणि महाड किंवा चरीवर दीड पान लिहून घेते. तलाठीवाले कुरकुरतात, त्यांना पर्यायच हवे असतात. त्यांच्यासाठी तीन विष्णूंचा प्रश्न मी शेवटच्या दहा मिनिटांत घेते, एसटी सुटायच्या आत.