कशेळीचा हत्ती

आज कशेळीच्या सूर्यमंदिरात कनकादित्याचं दर्शन घेतलं आणि तसेच तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर गेलो. राजापूर तालुका, काळवंडलेला जांभा दगड, सावलीच्या नावाने बोंब. कातळशिल्पापाशी, म्हणजे जमिनीच्या कातळातच खोदलेल्या हत्तीच्या चित्रापाशी उभं राहिलं तरी आधी नुसत्या रेघाच दिसतात. हत्ती जवळपास १८ मीटर लांब, एका नजरेत मावणार कसा? सोंड सापडली, मग रेघ धरून पाठीकडे चालत गेलो, तेव्हा कुठे अख्खा हत्ती कळला.

खरी गंमत त्याच्या पोटात आहे. मासे, पक्षी, प्राणी, कितीतरी छोटी चित्रं एकमेकांना खेटून खोदलीत. खाचांत सुकलेलं गवत आणि लाल माती अडकलेली.

सोबतचे काका म्हणाले, "पांडवांनी काढलंय सगळं." असेलही! पण कोकणातल्या काही सड्यांवर गेंडाही कोरलाय, आणि आज इथे गेंडा औषधालाही नाही. काढणाऱ्याने तो कुठेतरी पाहिलाच असणार.

२०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. बांधकामाचे चिरे काढणाऱ्या खाणींना मात्र सडा म्हणजे नुसता दगड.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. आणि कृपा करून फोटोसाठी हत्तीवर उभे राहू नका.